बोटीची झाकणं आणि माझं दार

माझ्या भावानं बोट घेतली तेव्हा मला त्याचा हेवा वाटला नाही. ज्या घरात कुणाला धड पोहता येत नाही, त्या घरातल्या माणसानं शिडाची बोट घ्यावी, हा मला शुद्ध मूर्खपणा वाटला. आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध एवढाच, की आजोबा मालवणाहून बोटीनं मुंबईला आले आणि वाटभर ओकत आले. तरी भावानं एका मित्राबरोबर भागीत जुनी छोटी बोट घेतली आणि वर्सोव्याच्या खाडीत, कोळ्यांच्या होड्यांशेजारी नांगरून ठेवली. पांढऱ्या फायबरची, एक डोलकाठी, आणि आत दोन माणसं मान वाकवून बसतील एवढी केबिन. त्यानं फोटो पाठवले. मी ‘छान’ असं लिहिलं आणि कुकर लावायला गेले.

माझा जळफळाट सुरू झाला तो त्या केबिनमधल्या झाकणांवरून.

बाबा माझ्याकडे राहतात, अंधेरी पूर्वेला. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, आणि भावाच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये खिडकीतून खाली बघितलं की बाबांना गरगरतं. ते गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर लोकांच्या घरी जाऊन कपाटं करायला लागले, अंधेरी, सांताक्रूझ, जिथे काम मिळेल तिथे. आता बरीच वर्षं हत्यारांची पेटी दिवाणाखाली आहे आणि बाबा दिवाणावर. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गॅलरीत उभं राहून खालच्या रिक्षावाल्यांच्या नावानं बडबड. एवढंच.

एका रविवारी भाऊ जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला. सोडलं तर आत एक कुजकी फळी. सगळ्या घरात खाऱ्या चिखलाचा वास सुटला.

“बाबा, हे बघा ना,” तो म्हणाला. “केबिनमध्ये दोन्ही बाजूंना बाकं आहेत, आणि बाकांच्या खाली कप्पे, सामान ठेवायला. त्या कप्प्यांची ही झाकणं. यांच्यावरच गादी टाकायची आणि बसायचं. सगळी कुजलीयत. परवा माझा मित्र बसला तो थेट कप्प्यात गेला, यार.”

बाबा उठून बसले. फळी मांडीवर घेतली, उलटी केली, कडेला नख रुतवलं. नख आत गेलं. मग त्यांनी तिचा वास घेतला.

“कोणीतरी साधो प्लाय घातल्यान,” ते म्हणाले. घरात ते अजून मालवणीच बोलतात. “हेका मरीन प्लाय होयो. आण तू सामान. मी करतलंय.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या मागे ओट्याखालच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लटकत होतं. ते कधीपासून लटकत होतं ते मला आठवतही नाही. किती वेळा मी म्हटलं असेल, “बाबा, तेवढं दार बघा ना.” दर वेळी ते दोन्ही हात पुढे करून दाखवायचे. “हात थरथरतत गो माझे. सुतार बोलव.” मी बोलावला नव्हता. सुताराच्या मुलीनं घरी सुतार बोलवायचा, हे मला जमेना. मी दाराला कापडाची चिंधी बांधून ते कडीला अडकवून ठेवत होते. आणि आता हा रविवारी येतो काय, कुजकी फळी मांडीवर टाकतो काय, आणि बाबा उठून बसतात काय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन चहाचं भांडं जरा जोरातच ठेवलं.

हे कुणाला क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडं मागचं सांगते. बाबा घरोघरी कपाटं करत होते तेव्हा त्यांच्याबरोबर मी जायचे. शाळेला सुट्टी असली की मी आणि पेटी. भाऊ लहान, त्याला भुशानं शिंका यायच्या, म्हणून आई त्याला पाठवत नसे. बाबा करवत चालवायचे आणि मी फळीचं दुसरं टोक धरायचे. टोक धरणं हे सोपं काम नाही. उचललं तर करवत अडकते, सोडलं तर शेवटी लाकूड चिरफाळतं. मी उचललं की बोटांवर फूटपट्टी बसायची. ओरडणं नाही, बोलणं नाही, फक्त फूटपट्टी. पुढे पुढे मला करवतीच्या आवाजावरून कळायचं, की ती रेघेवर आहे की रेघ सोडून चाललीय. आज मी छपाईच्या कारखान्यात तपासणीला आहे. औषधांचे खोके बाहेर जायच्या आधी माझ्या टेबलावरून जातात. केसाएवढी रेघ सरकली तरी मला दिसते. ती नजर मला कुणी दिली हे सांगायला नको.

म्हणजे बाबांच्या कामावर कुणाचा हक्क असेल तर तो माझा, असं मी धरून चालले होते.

पुढच्याच आठवड्यात मापं घ्यायला जायचं ठरलं. मी म्हटलं, मीपण येणार, बाबांचा हात कोण धरणार? वर्सोव्याच्या धक्क्यावर एक कोळी काका त्यांची छोटी होडी घेऊन थांबले होते. भरती होती. माझ्या सोसायटीच्या तीन पायऱ्या उतरायला ज्यांना माझा खांदा लागतो, ते बाबा काकांच्या हाताला नुसतं टेकून होडीत उतरले. मीच चप्पल हातात घेऊन, ओढणी सावरत, दोनदा ‘अगं आई गं’ करत उतरले.

बोटीवर पोचल्यावर भाऊ आणि बाबा एका चौकोनी तोंडातून खाली केबिनमध्ये गेले. मी पाय आत टाकला तसा भावाचा आवाज आला.

“ताई, तू वरच बस ना जरा. आत दोघांनाच जागा आहे.”

खरंच नव्हती जागा. मी वाकून बघितलं तर बाबांचे गुडघे त्याच्या पोटाला लागत होते. मी वर बसले, पर्स मांडीवर, छत्री उघडून. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते, त्यांचा वास वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. खालून कात्रीचा आवाज येत होता. बोटीत सरळ रेघ अशी कुठे नसतेच. सगळं कुठेतरी वळतं, कुठेतरी निमुळतं होतं. तिथे गुण्या लावून काटकोन बघण्यात काही उपयोग नाही. म्हणून बाबा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कप्प्याच्या तोंडावर धरत होते, जिथे अडेल तिथे कापत होते, परत धरत होते, असं करत करत पुठ्ठा अलगद खाली बसला की झालं माप.

“धर. सोडू नको,” बाबा म्हणत होते.

“धरलाय हो. बाबा, तुमचं डोकं! डोकं सांभाळा!”

मग काहीतरी आपटलं आणि दोघं हसले. बाबा हसले. तोंड मिटून ‘हुं हुं’ नाही, चांगले मोकळे, खोकला येईपर्यंत. माझ्या घरी टीव्हीवर कितीही विनोदी चालू असलं तरी ते असे हसत नाहीत. माझ्या पोटात असं दुखायला लागलं, की मला वाटलं बोट लागली की काय.

“बाप-लेक मजेत हायत,” होडीतून काका म्हणाले.

“हो ना,” मी म्हटलं.

पुठ्ठे झाले ते डाव्या बाजूचे. उजव्या बाजूच्या बाकावर शिडाच्या पिशव्या, दोरखंड, बॅटरी, काय काय रचून ठेवलं होतं. त्या बाजूची जुनी झाकणं तर कधीच गेली होती. कुणीतरी कप्प्यांच्या तोंडावर जाड प्लास्टिकचा पत्रा बसवला होता. भाऊ सामान हलवायला लागला, तेवढ्यात काकांनी हाक मारली, की पाणी उतरायला लागलंय, निघा, नाहीतर चिखलातून जावं लागेल.

“पलीकडचा तसाच असतला,” आतून बाबांचा आवाज आला. “जोडी असा.”

“हो हो, दोन्ही बाजू सेमच आहेत,” भाऊ म्हणाला. त्यानं त्या कधी मोजल्या असतील तर शपथ.

काम माझ्या हॉलमध्ये सुरू झालं. म्हणजे भुसा माझ्या घरात आणि झाकणं बोटीत, अशी वाटणी. भाऊ दर शनिवारी सकाळी यायचा. येताना तो एक नवीकोरी जिगसॉ मशीन घेऊन आला, ती बाबांनी पेटीतूनही बाहेर काढू दिली नाही. दिवाणाखालून त्यांची स्वतःची पेटी निघाली. करवतीला कानस लावली, रंध्याचं पातं काढून घासलं. कानावर पेन्सिल आली. ती पेन्सिल बघून मला इतकं भरून आलं, की पहिली पाच मिनिटं मी रागवायचीच विसरले.

मग बाबांनी प्लायचे दोन तुकडे एकावर एक ठेवून बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकून पक्के केले. एका कापात जोडी. कपाटाच्या दारांची त्यांची ही नेहमीची रीत. दोन पल्ले वेगवेगळे कापले तर केसभर का होईना फरक पडतोच. एकत्र कापले की पडत नाही. लोक कपाट उघडझाप करून बघायचे आणि खूश व्हायचे. बाबांच्या हातच्या जोड्या आमच्या भागातल्या जुन्या इमारतींत अजून असतील.

“बाबा,” मी म्हटलं, “उजव्या बाजूचे पुठ्ठे कुठेयत?”

“दारांची जोडी असता गो. एक उलटी केली की दुसऱ्या बाजूक.”

“कपाटात असते. बोटीत कशावरून असेल? जुनी बोट आहे. मधे कुणी काही केलं असेल, ठोकलं असेल. एकदा जाऊन बघून या ना.”

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तू गेललंस काय आत?”

नव्हते गेले. मला आत जागा नव्हती. भाऊ म्हणाला, “ताई, सेम आहेत गं, टेन्शन नको घेऊस,” आणि फळीचं टोक धरायला पुढे झाला. मी आत जाऊन भाकऱ्या थापल्या आणि प्रत्येक भाकरी तव्यावर आपटली.

टोक धरायला तो बसला होता. मी नाही. मी दारात उभी असताना तो. त्यानं टोक उचललं, अर्थातच. करवत अडकली, बाबांचा हात हिसका खाऊन मागे आला, प्लायची कड चिरफाळली. माझी बोटं नकळत ताठ झाली. फूटपट्टी बाबांच्या मांडीशेजारीच होती.

“असांदे,” बाबा म्हणाले. “पॉलिश पेपर मारूया.”

असांदे! असू दे! हा शब्द त्यांना येतो हे मला माहीतच नव्हतं. मला माझ्या लहानपणच्या सगळ्या फळ्या आठवल्या. इतकं नाकाला झोंबलं, की मी चहा द्यायला गेले ती फक्त बाबांचा कप घेऊन. भाऊ स्वतः उठून आपला घेऊन आला, वर म्हणाला, “वा ताई, आलं मस्त घातलंयस.” या माणसावर धड रागावताही येत नाही. हीच तर पंचाईत आहे.

त्यानं फोटोही काढला. बाबा वाकलेले, कानावर पेन्सिल, हातात रंधा. घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: ‘बाबांच्या हातचं, माझ्या बोटीसाठी.’ कणकवलीच्या मावशीपासून सगळ्यांचे बदाम आले. फोटोच्या कडेला एक हात दिसतो, मनगटापर्यंत, कपबशी धरलेला. तो माझा.

एक गोष्ट मात्र मी बघत होते. बाबांचे हात खरंच थरथरत होते. करवत लावायच्या आधी ते कोपर बरगडीशी दाबून धरायचे, एक श्वास सोडायचे आणि मग लावायचे. तरीही करवत मधेच रेघ सोडायची. आवाज बदलायचा, तो मला स्वयंपाकघरात कळायचा. भावाला काही कळत नव्हतं. एकेक झाकण सुटं झालं की तो ते हातात घेऊन फिरवायचा आणि म्हणायचा, “झकास! एकदम झकास, बाबा!” बाबा लहान मुलासारखे खुलायचे. एकदा त्या झकासच्या वेळी मी मधे आले. मी काही बोलले नाही, खरंच. नुसतं झाकणाकडे बघितलं. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि झाकण उलटं करून ठेवलं.

वॉर्निशच्या दिवशी मी शेवटचं विचारून बघितलं. हात पसरल्यासारखं वाटत होतं, तरी विचारलं. “बाबा, सगळी हत्यारं बाहेरच आहेत. स्क्रूपण आहेत. हातासरशी ते दार करून टाका ना. दहा मिनिटांचं काम.”

बाबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. दोन्ही हात पुढे धरले. “थरथरतत गो. सुतार बोलव.”

आणि तोच ब्रश उचलून, त्याच हातांनी, ते परत झाकणाच्या कडांना वॉर्निश पाजायला लागले. कडा जास्त पितात, त्यांना दोनदा द्यायचं, हे भावाला समजावून सांगत.

त्या रात्री मी जेवले नाही. बाबांनी विचारलं, मी म्हटलं वॉर्निशच्या वासानं मळमळतंय. खरं म्हणजे मला रडायचं होतं, आणि वयाच्या पन्नाशीत भावावरून बापाशी रुसून रडायची लाज वाटत होती. मी किती वर्षं त्यांचं पथ्यपाणी बघते, गोळ्यांच्या वेळा सांभाळते, दर महिन्याला डॉक्टरकडे नेते. तो महिन्यातून दोनदा येतो आणि आंबे घेऊन येतो. पण बापाचे हात शेवटचे चालायचे ते त्याच्यासाठी. कारण हे शेवटचं काम होतं हे मला दिसत होतं. यानंतर पेटी दिवाणाखाली गेली, की ती आता बाबा काढणार नव्हते. एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं आणि ते त्यांनी मला न देता त्याला दिलं होतं. हे मला सहन होत नव्हतं.

झाकणं बसवायला गेलो त्या दिवशी या वेळी आत मी गेले. भाऊ म्हणाला, “ताई, तू जा बाबांबरोबर. मी काकांच्या होडीतून एकेक वर घेतो आणि वरून आत सोडतो.” त्यानं सगळं सामान आधीच वर काढून ठेवलं होतं. केबिन रिकामी होती, आत डिझेलचा आणि ओल्या दोराचा वास. बाबा एका बाजूला, मी एका बाजूला, माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागलेले. मी मनात म्हटलं, झाली एकदाची जागा.

डावीकडचं पहिलं झाकण बाबांनी कप्प्याच्या तोंडावर टेकवलं आणि बोटांनी नुसतं दाबलं. ते धप्प करून बसलं. दुसरं, तिसरंही. झाकण उचलण्यासाठी मधे पाडलेल्या भोकात बोट घालून त्यांनी ते उचलून बघितलं, परत सोडलं. कडा थोड्या इकडेतिकडे होत्या, पण बसली होती. तीन पाटांच्या पंगतीसारखी ती तीन झाकणं बघून बाबा माझ्याकडे वळले आणि चक्क हसले. मीही हसले. तेवढ्यापुरतं माझ्या मनात काही नव्हतं.

मग त्यांनी उजवीकडचं प्लास्टिक ओढून काढलं आणि झाकण ठेवलं. ते बसेना. एक बाजू आत गेली की दुसरी वर. त्यांनी ते काढलं, फिरवलं, परत ठेवलं. मग दुसरं घेतलं. ते सरळ आतच पडलं, कप्प्याच्या तळाशी. प्लास्टिकखाली इतके दिवस झाकलेलं आता दिसत होतं: कप्प्यांच्या मधली आडवी फळी कुणीतरी, कधीतरी, दुरुस्ती करताना चार बोटं सरकवून बसवली होती. एक कप्पा लहान झाला होता, शेजारचा मोठा. जोडी नव्हती.

मी बरोबर होते. इतके दिवस मी याच क्षणाची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. बाबांचे हात आता लपवायला काही नसल्यासारखे उघड थरथरत होते.

“बसली का?” भावानं वरून डोकं घातलं. त्यानं बघितलं. “अरेच्चा. हे वेगळंच आहे. माझंच चुकलं बाबा, मीच सेम म्हटलं. परत करू या ना, काय घाई आहे?” आणि तो होडीकडे गेला, काकांना काहीतरी सांगत, हसत.

त्याची चूक नव्हती ती, निदान सगळी नव्हती. त्यानं ती उचलून अंगावर घेतली, रुमाल उचलावा तशी, आणि पुढे गेला. मला जन्मात असं जमलं नसतं. पुठ्ठ्यांबद्दल मी आधीच सांगितलं होतं, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“त्याच्या बोटीसाठी तुमचे हात चालतात बाबा. माझ्या दारासाठी तेवढे थरथरतात. मी काय केलंय हो?”

माझा आवाज फाटला. एवढ्याशा केबिनमध्ये तो जरा मोठाच वाटला. बाबांनी कप्प्याच्या तळाशी पडलेलं झाकण काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

“हयसरपण थरथरलेच,” ते म्हणाले. “तेका काय कळता? मी वाकडा कापलंय तरी झकास म्हणता. माका बरा वाटता.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुका कळता. आणि माका तुझ्या घरात रवाचा असा. तू रोज ओट्यापाशी उभी रवतलंस, आणि रोज तुका दिसतला, बापाचो हात गेलो म्हणान.”

वर भाऊ आणि काका काहीतरी बोलत होते. बोट एका बाजूला हलकेच कलली आणि परत सरळ झाली. मला एकदम हलकं वाटायला हवं होतं. बाबांनी सगळ्या जगात ज्या एका माणसाच्या नजरेला भ्यावं, ते माणूस मी होते. याहून मोठं मला काय मिळायचं होतं? पण मला हेवाच वाटला, आधी वाटला नव्हता इतका. फळीचं टोकही नीट धरता न येणाऱ्या, वाकडं-सरळ न कळणाऱ्या, शिंका येत होत्या म्हणून घरी राहिलेल्या त्या माणसाचा. त्याला ‘झकास’ म्हणता येत होतं, आणि ते खरं असायचं.

मी बघितलं नसतं हो बाबा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. न बसलेलं झाकण माझ्या मांडीवर होतं. माझा अंगठा त्याच्या कडेवरून फिरत फिरत, करवत जिथे रेघ सोडून नखभर आत गेली होती, बरोबर तिथे येऊन थांबला होता. बाबा त्या अंगठ्याकडे बघत होते.